तिसरा रकाना



ज्यांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांच्या हाताखाली मी पाचवीत इंग्रजीची मुळाक्षरं गिरवली. तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. पहिलीपासून सुरू झालं ते २००० साली. जूनमध्ये नव्या वहीचा वास जायच्या आत आम्ही एक विधी उरकत असू. पानाला मधोमध उभी घडी घालायची, घडीवर पेन्सिलीने रेघ ओढायची, डावीकडे 'शब्द' आणि उजवीकडे 'अर्थ' असं लिहायचं. मोठ्या भावंडांच्या वह्या पाहून हे आम्ही घरूनच शिकून आलो होतो. सरांनी माझी वही हातात घेतली, घडी पाहिली आणि पट्टी मागितली. उजव्या भागात त्यांनी आणखी एक रेघ मारली आणि वर लिहिलं, 'सोबत'.

आम्हाला वाटलं, सोबत म्हणजे घरून सोबत आणायचं काहीतरी. तसं नव्हतं. शब्द कुणाबरोबर हिंडतो, कुणाच्या पंगतीला बसतो, कुणाशी त्याचं पटत नाही, ते त्या रकान्यात लिहायचं होतं. अर्थाचा रकाना गाईडवरून उतरवता येई. सोबतीचा रकाना कुठल्याच गाईडात नव्हता, म्हणून तो सगळ्या वर्गाचा अर्धा कोरा राही. माझा तर आजही पुरता भरलेला नाही. त्या कोऱ्या जागेबद्दलच आज बोलणार आहे.

पुढे मीही इंग्रजीचा मास्तर झालो आणि ज्युनियर कॉलेजात तीसेक वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या. एकदा आईवरच्या निबंधात एका मुलीचं वाक्य आलं: 'माय मदर अबँडन्ड एव्हरीथिंग फॉर अस.' लाल पेन थबकलं. स्पेलिंग शुद्ध, काळ शुद्ध, कर्ता-कर्म जागच्या जागी. शब्दार्थही तिने बरोबर पाठ केला होता, अबँडन म्हणजे त्याग करणे. पण मराठीतला त्याग अंघोळ करून, गंध लावून येतो. त्याग करणाऱ्याच्या आपण पाया पडतो. इंग्रजीतला अबँडन करणारा बहुतेक वेळा पाठ फिरवून निघून गेलेला असतो: रस्त्यात बंद पडलेली गाडी टाकून, बुडतं जहाज टाकून, तान्हं मूल टाकून. मराठीत त्याला आपण 'टाकून देणं', 'वाऱ्यावर सोडणं' म्हणतो. मुलीला आईची पूजा मांडायची होती आणि शब्दाने आईला भलत्याच रांगेत नेऊन उभं केलं. तिला हवा होता तो शब्द सॅक्रिफाइस. तो तिला ठाऊक होता, पण अबँडन जास्त भारदस्त वाटला, असं तिने मला नंतर सांगितलं.

आता बारावीच्या मुलीला अबँडन हा शब्द इतका तोंडपाठ का? त्याचं कारण भाषेत नाही, बाइंडिंगमध्ये आहे. शब्दसंग्रहाची पुस्तकं 'ए'पासून सुरू होतात. पोरं पहिलं पान मोठ्या उमेदीने पाठ करतात, 'बी'ला दम लागतो, 'सी'ला परीक्षा येते. रद्दीच्या दुकानात अशी पुस्तकं चाळून पाहा; पहिली चार पानं मळून काळी झालेली असतात आणि 'एम'नंतरची कोरी करकरीत. 'पी'मधल्या 'पुट'पर्यंत कुणी पोचत नाही. पोचलं तरी पुट तिथे नसतोच, कारण तो सोपा शब्द ना! तो चौथीतच 'झाला' आहे. पुट म्हणजे ठेवणे, विषय संपला.

माझी तक्रार आहे ती इथे. अवघड शब्द मुळात सोपे असतात. 'फोटोसिंथेसिस'ला एकच अर्थ, प्रकाशसंश्लेषण. तो कुठेही गेला तरी सोवळ्यातच असतो. माणसाला छळतात ते तीन-चार अक्षरांचे शब्द. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाच्या संपादकांनी 'रन' या क्रियापदाचे अर्थ नव्याने मोजले तेव्हा ते ६४५ भरले. आपल्या वहीत त्याच्यापुढे एक 'धावणे'. माणूस धावतो तोवर ठीक आहे. नाक 'रन' होतं तेव्हा ते गळत असतं. धुण्यात लुगड्याचा रंग 'रन' होतो तेव्हा तो जातो. दुकान 'रन' करणारा दिवसभर गल्ल्यावर बसून असतो. निवडणुकीची तर गंमतच आहे: उमेदवार अमेरिकेत धावतो, आणि इंग्लंडात व महाराष्ट्रात उभा राहतो.

इंग्रजी ही भाषाच वेडी, असं इथे म्हणावंसं वाटतं. म्हणण्याआधी सकाळपासूनचा आपला दिवस आठवून पाहा. आपल्याला तहान लागते. चहा अगोड लागतो. घाईत उंबऱ्याची ठेच लागते. दाराला कुलूप लागतं. स्टँडवर पोचायला वीस मिनिटं लागतात. तिथे फलाटावर गाडी लागते, आणि घाट सुरू झाला की मागच्या सीटवरच्या मुलालाही गाडी लागते. फोन लागत नाही. पोराचा निकाल लागतो, मग त्याला नोकरी लागते, नाहीतर कसला तरी नाद लागतो. शेजारचे गृहस्थ नात्याने आपले चुलते लागतात, म्हणून त्यांच्या घरच्या कार्याला जावं लागतं. तिथल्या बाळाला दृष्ट लागते. परत येताना खिडकीशी डोळा लागतो. यातल्या एकाही 'लागणे'चा अर्थ आपण कधी पाठ केलेला नाही. कुणी विचारला तर सांगताही येणार नाही. पण पाच वर्षांचं मराठी पोर 'मला झोप लागली' आणि 'मला झोप आली' यांत गल्लत करत नाही. एक क्रियापद पन्नास घरी कसं नांदतं हे आपल्याला जन्मापासून माहीत आहे. मग इंग्रजी शब्दाने मात्र एकाच घरी राहावं हा आग्रह कुठून आला?

मला वाटतं, तो शाळेतून आला, आणि त्यातही एक विचित्र खोच आहे. जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ साली. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे बंधू आणि मराठी शास्त्रीमंडळी त्यांच्या मदतीला होती. कंपनी सरकारच्या साहेबांना मराठी यावी म्हणून तो खटाटोप. कुठलंही पान उघडा. शब्दाखाली त्याचे वाक्प्रचार आहेत, म्हणी आहेत, तो कोकणातला की देशावरचा याच्या खुणा आहेत. एखाद्या साध्या क्रियापदाखाली वापरांची रांगच्या रांग लागते. म्हणजे साहेबाने आमचा शब्द उचलला तो मुळासकट, माती चिकटलेली ठेवून. आम्ही साहेबाचा शब्द घेतला तो भाजीवाल्याकडून जुडी घ्यावी तसा, मुळं छाटून. पुढे थॉमस कँडींनी पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली आला, तोही काही कंजूष नाही. पण कोशातून गाईडात, गाईडातून फळ्यावर आणि फळ्यावरून वहीत येता येता प्रत्येक शब्दाचं एका ओळीचं भुस्कट झालं. याचं खापर कुणा एकावर फोडता येणार नाही. पन्नास पोरांच्या वर्गाला दहा शब्द द्यायचे आणि सोमवारी ते विचारायचे, तर दोनच रकाने परवडतात.

सरांना तिसरा कसा परवडला? त्यांच्या टेबलावर हॉर्नबीची डिक्शनरी असे, पाठीला ब्राऊन पेपर चिकटवलेली. तिचा जन्म कुठला हे मला फार उशिरा कळलं. ए. एस. हॉर्नबी जपानात इंग्रजी शिकवत. गेटनबी आणि वेकफिल्ड या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी तो कोश तयार केला आणि तो १९४२ साली, ऐन युद्धात, टोकियोत छापला गेला. ऑक्सफर्डने तो उचलला १९४८ साली. इंग्रजांसाठी लिहिलेला कोश शब्दाचा अर्थ सांगून मोकळा होतो, कारण वापर त्यांना ठाऊकच असतो. जपानी विद्यार्थ्याला तो ठाऊक नव्हता. म्हणून कुठल्या क्रियापदामागे काय येतं, कुठलं नाम मोजता येतं आणि कुठलं नाही, हे सगळं त्यात मांडावं लागलं. सरांचा 'सोबत' रकाना असा जपानमार्गे आमच्या तालुक्यात पोचला होता. पुढे इंग्लंडात जे. आर. फर्थ यांनी १९५७ साली हा विचार भाषाशास्त्रात पक्का केला, की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. हे गृहस्थ १९२० च्या दशकात लाहोरला पंजाब विद्यापीठात शिकवत होते. आमच्याकडच्या शेतकऱ्याला मात्र फर्थची वाट पाहावी लागली नाही. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की वाण नाही पण गुण लागतो. इथेही पुन्हा लागतोच!

'टेक' घ्या. टेक म्हणजे घेणे. औषध घेणे, शपथ घेणे, रजा घेणे, जबाबदारी घेणे, इथवर दोन्ही भाषा हातात हात घालून चालतात आणि मुलगा निर्धास्त होतो. मग फोटो येतो. इंग्रजीत तो घेतात, आपण काढतो. इंग्रजीत वेळ 'घेतला' जातो, आपल्याला तो लागतो. अंघोळ इंग्रज घेतो, आपण करतो. पोरगा आईसारखा दिसला तर इंग्रजीत 'टेक आफ्टर', आणि आपल्याकडे तो आईवर गेलेला असतो. आणि मग येते परीक्षा. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि मास्तर घेतो. इंग्रजीत विद्यार्थी ती घेतो आणि मास्तर देतो. अगदी उलट! हा गोंधळ मी वर्षानुवर्षं तपासला आहे. 'आय गेव्ह माय एक्झाम' म्हणणारा मुलगा चुकत नसतो, तो भाषांतर करत असतो. आमच्या मनात परीक्षा म्हणजे मास्तरांच्या पुढ्यात नेऊन ठेवायची वस्तू, नैवेद्यासारखी. इंग्रजाच्या मनात ती अंगावर घ्यायची गोष्ट. सरांनी हे फळ्यावर दोन बाण काढून दाखवलं होतं, एक डावीकडे जाणारा आणि एक उजवीकडे. त्या दिवशी वर्गाने मनापासून हसून घेतलं आणि नंतर माझ्या आठवणीत कुणी तो प्रयोग चुकवला नाही.

शब्द कुठले शिकवायचे, या प्रश्नाचं सगळ्यात शहाणं उत्तर लंडनमध्ये सुचलेलं नाही, ढाक्यात सुचलं. मायकेल वेस्ट हे भारतीय शिक्षण सेवेतले अधिकारी ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगालमधली बरीच मुलं दोन-तीन वर्षं इंग्रजी शिकून शाळा सोडतात हे त्यांनी पाहिलं. त्यावर १९२६ सालच्या पुस्तकात त्यांनी विमा कंपनीचा शब्द वापरला, सरेंडर व्हॅल्यू. हा शब्द मराठी मध्यमवर्गाला समजावून सांगायला नको. पॉलिसी मध्येच मोडली तर हातात काय पडतं? वेस्टना विचारायचं होतं की तिसऱ्या वर्षी शाळा सोडणाऱ्या मुलाच्या हातात आपण काय ठेवतो. व्याकरणाचे नियम आणि कवितेतले जुनाट शब्द ठेवले असतील तर हाती भोपळा. रोज भेटणारे शब्द ठेवले असतील तर निदान तो काहीतरी वाचू शकेल. त्या विचारातून त्यांची वाचनमाला निघाली. पुढे १९५३ साली त्यांच्या संपादनाखाली सुमारे २,००० इंग्रजी शब्दांची जी यादी निघाली, ती आजही शब्दसंग्रह शिकवणाऱ्यांची आजी समजली जाते. साध्या लेखनातले शंभरातले ऐंशीच्या आसपास शब्द या यादीत सापडतात.

ही यादी आपल्याकडे हाताळली गेली ती नुसती नावांची यादी म्हणून. तिचा खरा ऐवज वेगळा आहे. प्रत्येक शब्दापुढे त्याचे वेगवेगळे अर्थ दिलेले आहेत, आणि सुमारे पन्नास लाख शब्दांच्या मजकुरात कुठला अर्थ शेकडा किती वेळा आला तेही दिलेलं आहे. संगणकाचा मागमूस नसताना माणसांनी कागदावर मोजून काढलेलं. म्हणजे मुलाला 'रन'चे ६४५ अर्थ शिकवायची गरज नाही. त्यातले चार-पाच रोजचे, ते आधी शिकवा. बाकीचे वाटेत भेटतील. शब्दाचा नव्हे तर अर्थाचा बाजारभाव त्यांनी काढून ठेवला होता आणि आम्ही फक्त पाटीवरची नावं वाचली.

सी. के. ऑग्डेन यांनी १९३० साली आणखी धाडस केलं. सगळं इंग्रजी ८५० शब्दांत बसवलं, त्यात क्रियापदं अवघी १८. 'एंटर' नको, 'गो इन' म्हणा. आपला 'अबँडन' नको, 'गिव्ह अप' म्हणा. ऐकायला छान आहे. पण गिव्ह म्हणजे देणे आणि अप म्हणजे वर, तर गिव्ह अप म्हणजे वर देणे का, असं विचारणारा मुलगा माझ्या वर्गात होता आणि त्याचा प्रश्न बिनतोड होता. शब्द कमी केले की उरलेल्या शब्दांच्या पाठीवर ओझं वाढतं. ऑग्डेननी शिकणाऱ्याचं काम कमी केलं नाही, फक्त दुसऱ्या रकान्यातून तिसऱ्यात ढकललं.

सरांची पद्धत मात्र मला कुठल्याच पुस्तकात सापडली नाही. आठवड्याला एक शब्द. पाचवी-सहावीला असताना एका आठवड्याचा शब्द होता 'कीप'. सोमवारी त्यांनी तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला, त्याचा अर्थ सांगितला नाही, आणि शनिवारी शाळा सुटल्यावर आम्हाला एसटी स्टँडवर नेलं. खेडेगावात इंग्रजी कुठे असतं? गाड्यांवर, पेट्यांवर, बाटल्यांवर. आम्ही हातात वह्या घेऊन तासभर नुसते हिंडलो. एका ट्रकच्या मागे 'कीप डिस्टन्स' सापडलं. औषधाच्या दुकानात खोकल्याच्या बाटलीवर 'कीप इन अ कूल ड्राय प्लेस', आणि त्याच बाटलीवर मुलांपासून दूर 'कीप' करा असंही. रस्त्याच्या कडेच्या पाटीवर 'कीप लेफ्ट'. चार सोबती मिळाले. मग पाराखाली बसून एकेकाचं मराठी केलं. अंतर ठेवा. थंड व कोरड्या जागी ठेवा. मुलांपासून दूर ठेवा. तिन्ही ठिकाणी 'ठेवा' फिट्ट बसला आणि आम्ही कॉलर ताठ केली. चौथ्याला अडलो. डावी ठेवा? डावीकडे ठेवा? काय ठेवा? एकाने 'डावं ठेवा' म्हटलं आणि आम्ही फिदीफिदी हसलो. सर काही बोलले नाहीत. स्टँडवरचा हमाल आमची मजा बघत विडी ओढत बसला होता, तो म्हणाला, अरे, डावीकडून चाला! सरांनी उठून त्याला हात जोडले. माझ्या वहीत 'कीप'च्या तिसऱ्या रकान्यात चौथ्या ओळीला पेन्सिलीने 'हमाल' असं लिहिलेलं होतं. वही आता नाही, पण ते लिहिलेलं मला दिसतं.

त्याच ट्रकच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' होतं. त्यातला ओके तिथे काय करतो, असं आम्ही विचारलं. मलाही कळत नाही, असं सर म्हणाले. इंग्रजीचा मास्तर असं म्हणू शकतो याचा आम्हाला जबर धक्का बसला. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ती अक्षरं गाड्यांवरून पुसायचा आदेश काढला, कारण त्यांच्यामुळे लोक नाहक हॉर्न वाजवतात. ओकेचा उलगडा शेवटपर्यंत झाला नाही. प्लीजवर मात्र सर बराच वेळ बोलले. त्याला मराठीत कृपया म्हणतात, पण कृपया पाट्यांवर राहतो, घरात येत नाही. जेवताना कुणी 'कृपया मीठ द्या' म्हणालं तर वाढणारी थबकेल. आपली विनंती क्रियापदात मुरलेली असते: मीठ द्याल का, मीठ द्या ना, मीठ दे गं जरा. म्हणूनच आमचा माणूस इंग्रजीत 'गिव्ह मी सॉल्ट' म्हणतो तेव्हा तो उद्धट नसतो. त्याचा 'ना' भाषांतरात सांडलेला असतो, इतकंच.

असंच काहीतरी माझंही सांडलं होतं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत शिक्षकांच्या एका शिबिराला इंग्लंडहून एक पाहुणे आले होते. व्याख्यान छान झालं. प्रश्नांची वेळ आली तेव्हा मी आदबीने उठून म्हणालो, 'सर, आय हॅव अ डाउट अबाउट व्हॉट यू सेड.' मला नुसती शंका होती. पाहुण्यांचा चेहरा पडला. पुढची दहा मिनिटं ते आपल्या विधानाचे पुरावे देत राहिले आणि मी खजील होऊन मान हलवत राहिलो. मराठी शंका म्हणजे न कळलेलं विचारणं. गुरुजी स्वतःहून म्हणतात, कुणाला काही शंका? इंग्रजी डाउट म्हणजे समोरचा सांगतो ते खरं नसावं असा संशय. मी प्रश्न विचारला होता, त्यांना मी आरोप केल्यासारखं वाटलं. शंकेला आपल्याकडे आणखी एक अर्थ आहे, ज्यासाठी वर्गातली मुलं करंगळी दाखवतात. त्याचं भाषांतर करायची वेळ आली नाही हे नशीब.

मग तो डाउट चूक का? तरुणपणी मी छातीठोक हो म्हणालो असतो. आता म्हणत नाही, आणि त्याला कोल्हापूर कारणीभूत आहे. शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांनी भारतीय इंग्रजीचा एक मोठा संग्रह उभा केला. १९७८ साली भारतात छापल्या गेलेल्या मजकुरातून ५०० उतारे, प्रत्येकी सुमारे २,००० शब्दांचे, म्हणजे जवळजवळ दहा लाख शब्द. अमेरिकेत ब्राउन विद्यापीठाने तिथल्या १९६१ सालच्या छापील मजकुराचा असाच संग्रह केला होता, त्याच मापाने, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून ताडता येतील. जगभरचे भाषाभ्यासक आजही त्याला 'कोल्हापूर कॉर्पस' म्हणतात. आपल्याकडे कोल्हापूर म्हटलं की अंबाबाई, चप्पल आणि तांबडा रस्सा आठवतो. ही चौथी गोष्टही आठवायला हरकत नाही. त्या कामाचा मला कळलेला अर्थ असा की भारतात लिहिलं जाणारं इंग्रजी हा चुकांचा ढीग नाही. ते मोजण्याजोगं, अभ्यासण्याजोगं इंग्रजी आहे. 'आय केम यस्टर्डे ओन्ली' असं आपण म्हणतो तेव्हा तो ओन्ली इंग्रजी नसतोच. तो आपला 'च' आहे, कालच आलो मधला, साहेबी कपडे घालून आलेला. 'प्रीपोन' तर ऑक्सफर्डच्या कोशात जाऊन बसला. मुंगुसाने 'मंगूस' होऊन त्याच्या कितीतरी आधी जागा पकडली होती, आणि त्याचं अनेकवचन 'मंगीज' करायचा मोह इंग्रज पोरांना अजून होतो. म्हणून आता मी मुलांना डाउट खोडून देत नाही. कुठल्या पंगतीला तो चालतो आणि कुठे ताटावरून उठवतात, तेवढं तिसऱ्या रकान्यात लिहायला सांगतो. वर्गात चालेल, लंडनच्या पाहुण्यापुढे क्वेश्चन म्हणा.

फोनबद्दल विचारलं जाईल म्हणून दोन वाक्यं. फोनवर शब्द टाकला की अर्थ येतो, ही सोय आहे आणि मीही ती वापरतो. पण टाकलेल्या एका शब्दाला आलेला एक अर्थ म्हणजे माझी पाचवीतली घडी घातलेली वहीच, फक्त तिला आता चार्जिंग लागतं.

शेवटी एक घरचं. माझ्या भाचीची मुलगी न्यू जर्सीत वाढते आहे, दहा वर्षांची. तिथल्या मराठी मंडळींनी चालवलेल्या रविवारच्या शाळेत ती जाते. मागच्या हिवाळ्यात व्हिडिओ कॉलवर तिने विचारलं, आजोबा, थंडी 'वाजते' तर तिचा आवाज का येत नाही? तिची वही मी कॅमेऱ्यापुढे धरायला लावली. मधोमध उभी घडी. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. वाजणे, टु रिंग. मी तिला पट्टी आणायला सांगितली.

आता दर आठवड्याला एक शब्द चालतो. पानाचा फोटो तिची आई मला पाठवते आणि मी इकडून लाल शाईने खुणा करून परत पाठवतो. गेल्या पंधरवड्यात 'लागणे' होता, त्याला तिने दोन आठवडे घेतले. तिसऱ्या रकान्यात चौदा ओळी होत्या. भूक, तहान, ठेच, कुलूप; गाडी दोनदा, एकदा बसचं चित्र काढून आणि एकदा ओकणाऱ्या मुलाचं. पंधरावी ओळ कुणी सांगितलेली नव्हती, तिची तिनेच लिहिली होती: 'मला मराठी लागली.' पुढे प्रश्नचिन्ह.

भूक लागते, गोडी लागते, बस लागते, रोगसुद्धा लागतो. मराठी लागते का? सर असते तर बहुधा त्यांनी स्टँडवर जाऊन कुणाला तरी विचारलं असतं. फोटो चार दिवसांपासून माझ्या फोनमध्ये पडून आहे, आणि त्यावर लाल खूण कुठली करायची ते माझं अजून ठरत नाही.